जुन्या धाटणीच्या ट्यूब अ‍ॅम्पचा टोन कसा सुधारतात? सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी काय माहीत हवं?

'लायला' हे गाणं आणि त्याच नावाने सुरू होणारा १९७०चा अल्बम रॉक संगीताच्या चाहत्यांना नवा नाही. त्यातला गिटारचा भरदार, किंचित फाटलेला आवाज ऐकला की स्टुडिओत कपाटाएवढे अ‍ॅम्प्लिफायर लावले असतील असं वाटतं. प्रत्यक्षात या रेकॉर्डिंगसाठी एरिक क्लॅप्टन यांनी 'फेंडर चॅम्प' हा छोटासा अ‍ॅम्प वापरला होता. साधारण ५ वॉटचा, हातात उचलून नेता येईल असा.

चॅम्प आणि त्याच्यासारख्या ट्यूब अ‍ॅम्पचं आकर्षण आजही कमी झालेलं नाही. जुन्या आराखड्यावर बनवलेले नवे अ‍ॅम्प बाजारात येतात, घरी जोडायचे किटही मिळतात. आणि असा अ‍ॅम्प घरी आला की काही दिवसांतच प्रश्न पडतो: याचा आवाज आणखी चांगला करता येईल का?

येतो. पण त्यासाठी नेमकं काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही आणि या पेटीतला विजेचा दाब जीवघेणा का ठरू शकतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

'टोन' म्हणजे काय?

टोन म्हणजे स्वर नव्हे. तानपुऱ्याची जवारी काढताना कारागीर तारेचा स्वर बदलत नाही, पण घोडीवर थोडं घासून किंवा तारेखालचा दोरा किंचित सरकवून नादाचा पोत बदलतो. गिटारवादक ज्याला टोन म्हणतात, तो म्हणजे हा पोत.

इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत हा पोत बऱ्याच अंशी अ‍ॅम्प ठरवतो. गिटारमधून येणारा विजेचा संकेत अगदी क्षीण असतो. अ‍ॅम्प तो वाढवतो आणि वाढवताना त्यात स्वतःची भर घालतो. घरच्या म्युझिक सिस्टीमसाठी अशी भर हा दोष मानला जातो. गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये मात्र तीच हवी असते.

ट्यूब काय करते?

ट्यूब, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह. काचेच्या नळीत हवा नसते. आतली तार तापली की कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. या दोहोंच्या मध्ये जाळीसारखा एक भाग असतो, त्याला ग्रिड म्हणतात. ग्रिडवरच्या दाबात थोडासा बदल झाला तरी प्लेटकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो. नळाची तोटी किंचित फिरवून पाण्याची मोठी धार कमी-जास्त करावी, तसं.

तोटी पूर्ण उघडल्यावर धार आणखी वाढत नाही. ट्यूबचंही तसंच होतं. संकेत फार मोठा झाला की लहरीचे माथे दबतात. ट्यूबमध्ये हे दबणं बऱ्याचदा हळूहळू होतं, एकदम कापल्यासारखं नाही. त्यातून मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर तयार होतात. कानाला जे 'उबदार' किंवा 'फाटलेलं पण गोड' वाटतं, ते यातूनच येतं.

चॅम्पच्या पेटीत काय असतं?

फेंडर कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करायचे. १९३८मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. त्यांच्या अ‍ॅम्पमध्येही त्याच काळातली, सहज दुरुस्त होणारी साधी रचना दिसते. चॅम्पच्या प्रसिद्ध आराखड्याचं नाव '५एफ१'. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६४पर्यंत तो वापरात होता.

त्यात ट्यूब फक्त तीन. पहिली १२एएक्स७. हिच्या एकाच काचेत दोन स्वतंत्र ट्यूब असतात आणि त्या गिटारचा संकेत दोन टप्प्यांत वाढवतात. दुसरी ६व्ही६जीटी. ही स्पीकर हलवण्याइतकी ताकद देते. तिसरी ५वाय३जीटी. हिला रेक्टिफायर म्हणतात आणि ती एसी विजेचं डीसीमध्ये रूपांतर करते. याशिवाय दोन ट्रान्सफॉर्मर, ८ इंची स्पीकर, आवाजाचा एकच खटका आणि वीसच्या आसपास रेझिस्टर व कपॅसिटर. बास-ट्रेबलची बटणंसुद्धा नाहीत.

भाग इतके कमी असल्यामुळे एक भाग बदलला तरी फरक लगेच ऐकू येतो. शिकण्यासाठी हे सर्किट लोकप्रिय असण्याचं कारण हेच.

अ‍ॅम्पमध्ये बदल करण्याची परंपरा

गिटार अ‍ॅम्पचा इतिहास बऱ्याच अंशी अशा फेरफारांचाच इतिहास आहे.

१९६२च्या सुमारास लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी एक अ‍ॅम्प बनवला. त्याचा पाया होता फेंडर बासमनचं ५एफ६-ए सर्किट. सर्किट जवळपास तेच होतं, पण पहिल्या टप्प्यात जास्त वाढ देणारी ट्यूब आली. बासमनमध्ये मागून उघड्या पेटीत १० इंची चार स्पीकर होते, इथे मागून बंद पेटीत १२ इंची स्पीकर आले. एवढ्या बदलांनी आवाजाचा स्वभावच वेगळा झाला. हाच मार्शल जेटीएम४५.

अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या छोट्या 'प्रिन्स्टन' अ‍ॅम्पमध्ये मोठ्या अ‍ॅम्पचं सर्किट आणि १२ इंची स्पीकर बसवला. सुरुवात एका वादकाची गंमत करण्यापासून झाली होती. कार्लोस सँटाना यांनी तो वाजवून पाहिला आणि त्यांना तो आवडला. त्यातूनच पुढे 'मेसा बूगी' ही कंपनी उभी राहिली.

आधी धोका, मग टोन

५एफ१मध्ये डीसी विजेचा दाब ३०० व्होल्टच्या वर असतो. हा दाब फिल्टर कपॅसिटरमध्ये साठतो आणि प्लग काढल्यावरही तिथे राहू शकतो. अ‍ॅम्प चालू स्थितीतून बंद केला तर तापलेल्या ट्यूबमधून तो बराचसा उतरतो. पण ट्यूब काढलेल्या असतील किंवा एखादी निकामी असेल, तर ही वाट बंद होते. मूळ ५एफ१मध्ये साठलेली वीज उतरवण्यासाठी वेगळा रेझिस्टरही नाही.

म्हणून जाणकार तंत्रज्ञ अ‍ॅम्प उघडला की आधी प्लग भिंतीतून काढलाय का ते पाहतात. मग साधारण १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी प्रत्येक फिल्टर कपॅसिटर आणि चासी यांच्यामध्ये काही सेकंद धरतात. त्यानंतर मल्टिमीटरवर दाब शून्याच्या जवळ आल्याची खात्री करतात. मीटरने मोजल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हा नियम. ज्यांना मल्टिमीटरवर डीसी व्होल्ट कसे मोजतात हे माहीत नाही, त्यांनी चासी न उघडलेलीच बरी.

दुसरा धोका अर्थिंगचा. त्या काळातल्या अनेक अमेरिकन अ‍ॅम्पना दोन पिनांचाच प्लग असे. काहींमध्ये वीजवाहिनी आणि चासी यांच्यामध्ये एक कपॅसिटर जोडलेला असे. तो बिघडला तर चासीवर थेट वीज येऊ शकते. चासी म्हणजे गिटारच्या तारा आणि तारांवर वादकाची बोटं. म्हणून तंत्रज्ञ या भागाला 'डेथ कॅप' म्हणतात. १९७२मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात 'स्टोन द क्रोज' बँडचे गिटारवादक लेस्ली हार्वी यांचा रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला होता.

त्यामुळे जुन्या अ‍ॅम्पमधला पहिला बदल कोणता, याचं उत्तर टोनशी संबंधित नाही. तीन पिनांची वायर, चासीला पक्कं अर्थिंग आणि डेथ कॅप असेल तर तो काढणं, हा पहिला बदल.

भारतात वापरताना आणखी एक मुद्दा येतो. अमेरिकेतला अ‍ॅम्प तिथल्या १२० व्होल्टच्या आसपासच्या विजेसाठी बनलेला असतो. इथे वीज २३० व्होल्टची. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर न लावता तो लावला तर आतले भाग जळतील. शिवाय तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची. स्टेप-डाऊनने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. त्यामुळे फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर इथे थोडा जास्त तापतो. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी अ‍ॅम्प मागवणाऱ्यांनी मागच्या पट्टीवर '५०/६०' लिहिलंय का ते आधी पाहावं.

सुधारणा की फक्त दुरुस्ती?

'आवाजात दम नाही', 'घुरघुर येते' अशा तक्रारींचं कारण अनेकदा सर्किटच्या आराखड्यात नसतं. ते थकलेल्या सुट्या भागांत असतं.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार आतून सुकतात. फिल्टर कपॅसिटर सुकला की विजेची घुरघुर वाढते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ही घुरघुर १०० हर्ट्झच्या स्वरात ऐकू येते. ६व्ही६च्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकला तर आवाज पातळ आणि मरगळलेला होतो.

दोन टप्पे जोडणारा कपॅसिटर 'गळायला' लागला तर प्रकरण गंभीर होतं. त्याचं काम गिटारचा संकेत पुढे सोडणं आणि डीसी वीज अडवणं. डीसी पुढे गेली की ६व्ही६मधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो, तिची प्लेट लाल होते आणि ट्यूब वाया जाते. सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो.

म्हणून क्रम असा: आधी सुरक्षितता, मग दुरुस्ती, मग बदल. दुरुस्तीनंतर पुष्कळदा बदलाची गरजच उरत नाही.

सोल्डर न करता होणारे बदल

सगळ्यात मोठा फरक बहुतेक वेळा स्पीकरने पडतो. मूळचा ८ इंची स्पीकर खर्जात कमी पडतो. तोच अ‍ॅम्प १० किंवा १२ इंची स्पीकरच्या वेगळ्या पेटीला जोडला तर आवाज एकदम मोठा आणि भरीव होतो. इथे स्पीकरची संवेदनशीलता पाहायची. ती डेसिबलमध्ये दिलेली असते. ३ डेसिबलचा फरक म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्यासारखं. म्हणजे ९१ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९७ डेसिबलचा लावला, तर ५ वॉटचा अ‍ॅम्प २० वॉटच्या अ‍ॅम्पइतका मोठा वाजेल.

स्पीकरचे ओहम मात्र अ‍ॅम्पशी जुळायला हवेत. चॅम्पसाठी ते ४च्या आसपास असतात. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

दुसरा सोपा बदल पहिल्या ट्यूबचा. १२एएक्स७चा वर्धनांक १०० आहे. त्याच सॉकेटमध्ये बसणाऱ्या ५७५१चा ७०, तर १२एवाय७चा ४४च्या आसपास. कमी वर्धनांकाची ट्यूब लावली की आवाज जास्त वेळ स्वच्छ राहतो आणि खटका हळूहळू फिरवता येतो. नाही आवडलं तर जुनी ट्यूब परत लावायची. अर्थात अ‍ॅम्प बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर.

सर्किटमधले तीन बदल

पुढचे तीन बदल ५एफ१ प्रकारच्या अ‍ॅम्पमध्ये नेहमी केले जातात. तिन्ही स्वस्त आहेत आणि परत फिरवता येतात.

१. निगेटिव्ह फीडबॅक तोडणं. ५एफ१मध्ये स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाचा थोडा अंश २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून मागे, १२एएक्स७च्या दुसऱ्या टप्प्यात आणला जातो. तो उलट दिशेने मिसळतो. त्यामुळे आवाज आटोक्यात आणि स्वच्छ राहतो. ही वाट तोडली की आवाज वाढतो, लवकर फाटतो आणि थोडा रांगडा होतो. काही जण इथे छोटा स्विच लावतात, म्हणजे दोन्ही आवाज हाताशी राहतात. नवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर अ‍ॅम्प किंचाळू लागला, तर फीडबॅक उलटा जोडला गेल्याची शक्यता असते. अशा वेळी ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूच्या दोन वायरींची अदलाबदल करतात.

२. कॅथोडला कपॅसिटर जोडणं. पहिल्या टप्प्याच्या कॅथोडवर १.५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला तर त्या टप्प्याची वाढ साधारण ३० पटींवरून ६० पटींवर जाते. म्हणजे जवळपास दुप्पट. पण यात खर्जही तेवढाच वाढतो आणि छोट्या स्पीकरमधून तो गढूळ वाटू शकतो. त्याऐवजी ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर सुमारे १५० ते ३०० हर्ट्झच्या वरचाच भाग खऱ्या अर्थाने उचलला जातो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा असल्यामुळे खर्ज जागच्या जागी राहतो आणि मधला आवाज पुढे येतो.

३. जोड-कपॅसिटर लहान करणं. १२ इंची स्पीकर लावल्यावर आवाज घुमायला लागला तर हा उपाय. ६व्ही६च्या आधीचा ०.०२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ३६ हर्ट्झपासून वरचा आवाज सोडतो. तो ०.०१ केला की ही सीमा ७२ हर्ट्झच्या आसपास येते आणि खालचा गोंगाट कमी होतो. नव्या कपॅसिटरची व्होल्ट क्षमता ४०० किंवा त्याहून जास्त हवी.

काय करू नये?

६व्ही६च्या जागी जास्त ताकदीची ६एल६ लावण्याचा मोह होतो, कारण ती त्याच सॉकेटमध्ये बसते. पण ६व्ही६च्या हीटरला ०.४५ अँपिअर लागतात, ६एल६ला ०.९. चॅम्पचा छोटा पॉवर ट्रान्सफॉर्मर या दुप्पट मागणीसाठी बनलेला नाही. रेक्टिफायरचंही तसंच. ५वाय३च्या हीटरला २ अँपिअर लागतात, तशाच दिसणाऱ्या ५यू४ला ३. सॉकेटमध्ये बसते म्हणजे चालते, असं नाही.

फिल्टर कपॅसिटर 'मोठा तेवढा चांगला' हेही खरं नाही. रेक्टिफायर ट्यूबला एका मर्यादेपलीकडचा कपॅसिटर झेपत नाही.

आणि महागड्या 'व्हिंटेज' कपॅसिटरवर आधी पैसे घालू नयेत. ब्रँडमुळे किती फरक पडतो यावर वादकांमध्ये कायम वाद असतो. कपॅसिटरचं मूल्य बदलल्याने काय होतं, ते मात्र कागदावर मोजता येतं आणि कानाला कळतं.

मूळ जुना अ‍ॅम्प हाती असेल तर?

फेरफारांसाठी योग्य आहेत ते जुन्या धाटणीचे नवे अ‍ॅम्प किंवा किट. १९५०-६०च्या दशकातला मूळ चॅम्प ही वेगळी गोष्ट आहे. त्याची किंमत त्यातले मूळ भाग, मूळ सोल्डर आणि न भोकं पाडलेली चासी यांवर ठरते. चासीला स्विचसाठी एक भोक पाडलं की ते बुजवता येत नाही. अशा अ‍ॅम्पमध्ये सुरक्षिततेसाठी लागेल तेवढंच बदलावं आणि काढलेले भाग लिफाफ्यात घालून, तारीख लिहून पेटीतच ठेवावेत.

भारतात हे काम कुठे करता येईल?

ट्यूब हे तंत्र आपल्याकडे परकं नव्हतं. ट्रान्झिस्टर रुळण्याआधी घराघरांत व्हॉल्व्हचे रेडिओ होते आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवलेही. जुने रेडिओ दुरुस्त करणारे मेकॅनिक आता कमी उरलेत, पण गिटार अ‍ॅम्पचं सर्किट त्यांना अनोळखी वाटणार नाही. रेझिस्टर, कपॅसिटर, मल्टिमीटर अशा वस्तूंसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली हे ओळखीचे बाजार आहेत. कपॅसिटर घेताना मायक्रोफॅरडइतकाच त्यावरचा व्होल्टचा आकडाही वाचायला हवा. इथे ४००-४५० व्होल्टचे भाग लागतात, रोजच्या वापरातले २५ किंवा ५० व्होल्टचे नाही.

एका वेळी एकच बदल

एकाच दुपारी स्पीकर, ट्यूब आणि दोन कपॅसिटर बदलले, तर फरक कशाने पडला हे कधीच कळत नाही. बिघाड झाला तर तो कुठे झाला, हेही कळत नाही. म्हणून एक बदल करायचा, मल्टिमीटरने दाब तपासायचे, आधीचे आणि नंतरचे आकडे वहीत लिहायचे, तोच सूर त्याच गिटारवर वाजवून फोनवर रेकॉर्ड करायचा. मग काही दिवस अ‍ॅम्प तसाच वाजवायचा. नवा आवाज पहिल्या तासात नेहमीच चांगला वाटतो. आठवड्याने जुन्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहिल्यावरही तो चांगला वाटला, तर बदल ठेवायचा. नाहीतर जुना भाग परत जोडायचा.